पुन्हा पुन्हा पेटणारा पिवळा दिवा

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीच्या मालकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, ‘एरर’ डिलीट करतो, दिवा विझतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि दिवा पुन्हा हजर. मग एक जण सेन्सर बदलायला सांगतो, दुसरा कॉइल, तिसरा थ्रॉटल बॉडी धुऊन देतो. दर खेपेला खिशाला चाट बसते. अखेर कंटाळून कुणी त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवतं, तर कुणी मीटर उघडून बल्बच काढून टाकतं.

भिलाईच्या वैशाली नगरात अशा जुन्या, पण धडधाकट गाड्या गल्लोगल्ली उभ्या दिसतात. ‘सीजी ०७’ची पाटी, आठवडाभर सुपेला बाजार, शाळा, फार तर सेक्टर ९ चं रुग्णालय एवढीच फेरी, आणि लग्नकार्य किंवा दिवाळी आली की राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत अडीचशे-एक किलोमीटरवरचं नागपूर. इथल्या मराठी घरांतल्या गाडीचं आयुष्य बहुतेक असंच जातं. गाडी चांगली चालते म्हणून विकवत नाही, आणि वापर बेताचा असल्यामुळे नवी घेणं परवडलं तरी पटत नाही. अशा गाडीच्या दिव्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं, आणि अंदाजाने सुटे भाग बदलत सुटणं त्याहून महागात.

मला ठामपणे सांगायचं आहे ते हे, की वारंवार येणारा दिवा त्रासदायक असला, तरी निदानाच्या दृष्टीने तो सोयीचा असतो. एकदाच पेटून गेलेल्या दिव्याचं कारण सापडणं कठीण. जो पुन्हा पुन्हा येतो, तो ठरावीक परिस्थितीतच येतो. ती परिस्थिती ओळखली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम मोजमापाचं. नवा भाग विकत घ्यायची पाळी त्यानंतरची.

दिवा कशासाठी असतो

या दिव्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. कॅलटेक या संस्थेतले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं, की त्या शहरावर साचणारं, डोळे झोंबवणारं धुरकं मोटारींमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडून तयार होतं. तिथून मोटारींच्या धुरावर नियंत्रण आणायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून, गाडीने स्वतःची तपासणी स्वतःच करावी अशी यंत्रणा बसवायला लावली. तिचीच सुधारलेली आवृत्ती, ओबीडी २, अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना १९९६ पासून सक्तीची झाली.

म्हणजे हा दिवा जन्मला तो धुरावर पहारा ठेवण्यासाठी. ‘गाडी बंद पडेल का?’ हा त्याचा प्रश्न नव्हे. ‘धूर मर्यादेबाहेर जाईल का?’ हा त्याचा प्रश्न. म्हणूनच गाडी सुरळीत पळत असतानाही तो पेटू शकतो, आणि ‘गाडीला तर काहीच झालेलं नाही’ असं मालकाला मनापासून वाटत राहतं.

भारतात ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. बीएस ४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. मात्र २०१० साली बीएस ४ ची सक्ती फक्त १३ शहरांत होती. त्यांत मुंबई, पुणे, अगदी सोलापूरही होतं, भिलाई नव्हतं. देशभर बीएस ४ लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे भिलाईत २०१० ते २०१७ दरम्यान घेतलेली गाडी बीएस ३ चीही असू शकते, आणि तिच्यात स्कॅनरला मिळणारी माहिती तोकडी असू शकते. त्याहून जुन्या काही मारुती गाड्यांत तर तपासणीच्या कपलरमध्ये दोन टोकं तारेने जोडून, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड काढावा लागे. गाडी तपासायला देण्यापूर्वी ती कोणत्या टप्प्यातली आहे हे ठाऊक असलं, तर ‘स्कॅनर लागत नाही म्हणजे ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला’ असल्या निष्कर्षापासून आपण वाचतो.

यंत्रणेचा गाभा मात्र सगळीकडे सारखाच. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधलं जातंय की नाही, हे सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर पाहतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या अमेरिकेसाठी बनवलेल्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की तिच्या आतली हवा आणि बाहेरचा धूर यांतल्या ऑक्सिजनच्या फरकानुसार ती वीजदाब निर्माण करते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. वितळलेल्या पोलादात किती ऑक्सिजन विरघळलाय हे मोजायलाही पोलाद उद्योगात झिर्कोनियाच वापरतात. भिलाईत ज्यांची हयात कारखान्यात गेली, त्यांच्यातल्या अनेकांना हे तत्त्व ओळखीचं वाटेल.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

गॅरेजमध्ये ऐकू येणारं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘सेंसर गया है, साहब’. स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरचं नाव आलं की सेन्सर बदलायचा, असा सरळ हिशोब. बरेचसे दिवे परत येतात ते याच हिशोबामुळे.

‘पी ०१३५’ हा कोड घ्या. ऑक्सिजन सेन्सर लवकर तापावा म्हणून त्याच्या आत एक हीटर असतो. या हीटरच्या सर्किटमध्ये अपेक्षेप्रमाणे वीज वाहत नाही, एवढंच हा कोड सांगतो. कारण जळालेला हीटर असू शकतं. उडालेला फ्यूज, गंजलेला कपलर, तुटलेली तार किंवा सैल अर्थिंगही असू शकतं. पाचांपैकी फक्त एका कारणावर नवा सेन्सर हा इलाज आहे.

‘पी ०१७१’ची गोष्ट याच्याही पुढची. मिश्रण हवेकडे झुकलंय, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लीन’ आहे, असं तो सांगतो. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केलेली असते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. हवा कुठून तरी चोरून आत शिरत असते किंवा पेट्रोल कमी पडत असतं. तक्रार करणारा सेन्सर बदलला तर नवा सेन्सरही तीच तक्रार करणार.

पोलाद कारखान्यात भट्टीचं तापमान दाखवणारा काटा अचानक वेडावाकडा फिरू लागला, तर कुणी लगेच भट्टी फोडायला निघत नाही. आधी थर्मोकपल, त्याची तार, तिचे जोड तपासतात, मग शेजारचं दुसरं मापक काय म्हणतंय ते पाहतात, आणि त्यानंतरच भट्टीकडे वळतात. गाडीच्या बाबतीत हीच शिस्त पाळायची. कोडमुळे शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. शोध पुढे आपल्यालाच करावा लागतो.

डिलीट करण्याआधी

कोड नोंदवला जातो त्या क्षणी ईसीएम आणखी एक मोलाची गोष्ट जपून ठेवतो, ती म्हणजे त्या वेळची इंजिनाची स्थिती. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. इंजिनाचा वेग किती होता, कूलंटचं तापमान किती, गाडी उभी होती की पळत होती, इंजिनावर भार किती होता, हे सगळं त्यात असतं. ‘डिलीट’चं बटण दाबलं की कोडबरोबर ही नोंदही जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला तर बहुतेक गाड्यांत हेच होतं, आणि शिवाय ईसीएमने चालता चालता शिकून ठेवलेल्या दुरुस्त्याही पुसल्या जातात. म्हणजे चोर पकडण्याआधी आपणच त्याच्या पावलांचे ठसे धुऊन टाकतो.

म्हणून गॅरेजमध्ये पहिलं वाक्य हे असावं: ‘भैया, डिलीट अभी मत करना. पहले कोड और फ्रीज फ्रेम दिखा दो.’ मग मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपबरोबर तो हेच काम घरी करतो. जुन्या गाड्यांत संवादाची पद्धत वेगळी असल्याने तो कधी कधी जुळत नाही. तेव्हा त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं.

दिव्याच्या येण्याजाण्यालाही नियम आहे. पुष्कळसे दोष पहिल्यांदा दिसले तर ईसीएम त्यांची कच्ची नोंद ठेवतो, आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये ते पुन्हा दिसले तरच दिवा पेटवतो. नंतर ओळीने तीन फेऱ्या तो दोष दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र आठवणीत राहतो आणि इंजिन साधारण ४० वेळा थंड होऊन गरम झाल्यावर पुसला जातो. यावरून दोन गोष्टी कळतात. दिवा आपोआप गेला म्हणजे दोष बरा झाला असं नाही. आणि डिलीट केल्यावर आठवडाभर दिवा आला नाही, तर त्याचं कारण दुरुस्ती असेल किंवा दोष दिसण्याजोगी फेरीच त्या आठवड्यात झाली नसेल.

तो येतो केव्हा?

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. दिवा पेटला की तारीख, गाडी थंड होती की गरम, पाऊस होता का, सुपेला चौकात उभी होती की महामार्गावर पळत होती, पेट्रोल कधी आणि कुठे भरलं, एवढं टिपून ठेवा. तीन-चार नोंदी झाल्या की सूत्र दिसू लागतं.

दिवा पावसाळ्यातच येत असेल, तर कपलरमधला ओलावा, प्लगच्या वायरींचं तडकलेलं रबर किंवा कॉइलला गेलेली चीर यांवर पहिला संशय घ्यावा. मे महिन्यात, भर दुपारी, तासभर गाडी चालल्यावरच येत असेल आणि गाडी झटक्यात बंद पडून थंड झाल्यावर निमूट सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सरकडे बघावं. त्याच्या आतली बारीक तार तापल्यावर संपर्क सोडते आणि थंडावली की पुन्हा जुळते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, म्हणून तिथे सगळं ठीकठाक दिसतं.

चौकात उभं असताना आरपीएम वर-खाली होऊन दिवा येत असेल, तर थ्रॉटलमधला कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह किंवा हवेची गळती पाहावी. उभी असताना काही नाही, पण देवरीच्या पुढे ट्रक ओलांडताना पिकअप पडतो आणि दिवा येतो, असं असेल तर पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर आणि प्लग-कॉइल ही मंडळी संशयाच्या यादीत वर येतात. गाडी पंधरा दिवस उभी राहिल्यावर येत असेल, तर कमजोर बॅटरी आणि उंदीर.

उंदरांचं नाव मी गांभीर्याने घेतो आहे. थंडीच्या दिवसांत उबेसाठी ते बॉनेटखाली शिरतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. तार पूर्ण तुटली तर दोष कायमचा असतो आणि लगेच सापडतो. अर्धवट कुरतडलेली तार गाडी हादरली की संपर्क सोडते आणि पुन्हा जुळते. स्कॅनरवर त्या सेन्सरचा आकडा उघडा ठेवून त्याची वायर आणि कपलर हळूच हलवून पाहावेत. आकडा उडी मारत असेल, तर दोष तिथेच आहे.

एक कोड जवळून

समजा, २०१३ सालची तीन सिलिंडरची छोटी गाडी आहे. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे. दिवा महिन्यातून दोनदा येतो, कोड दर वेळी ‘पी ०३०२’. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकतोय. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारतेय. फ्रीज फ्रेममध्ये दिसतं की कूलंट ९४ अंश, इंजिन २६०० आरपीएम, भार ८० टक्के. म्हणजे गाडी पूर्ण गरम आहे आणि जोर लावते आहे.

या एका नोंदीतून पुष्कळ कळतं. भार जास्त असताना सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग उभ्या गाडीत निभावून नेतो आणि जोर लावल्यावर उघडा पडतो. तेव्हा पहिला संशय ठिणगीवर.

आता एकही पैसा खर्च न करता करायची परीक्षा. इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल एकमेकींच्या जागी बसवा. कोडचा फोटो आधीच काढलेला आहे, म्हणून आता डिलीट करायला हरकत नाही. मग गाडी त्याच परिस्थितीत चालवा, म्हणजे पूर्ण गरम करून, जोर लावून. पुढचा कोड ‘पी ०३०३’ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल खराब आहे याचा पुरावा हातात आला, आणि एकच कॉइल घ्यायची आहे. कोड ‘पी ०३०२’वरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग हाच खेळ प्लगचा. प्लग काढाल तेव्हा त्याचं टोक नीट बघा. विटकरी-करडं टोक निरोगी, कोरडी काळी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल, तेलकट काळं म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येतंय.

प्लग बदलूनही कोड जागचा हलला नाही, तर वेळ इंजेक्टरची आणि कॉम्प्रेशनची. कॉम्प्रेशन गेजने तिन्ही सिलिंडरचे दाब मोजायचे. नुसता आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे महत्त्वाचं. एकाचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतोय. इथपर्यंत पोचायला दोन तास लागतात. अंदाजाने बदललेल्या तीन कॉइल, तीन प्लग आणि एका सेन्सरच्या तुलनेत हे दोन तास स्वस्त आहेत.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. त्या उष्णतेने कन्व्हर्टरची सिरॅमिक जाळी वितळू शकते. तेव्हा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला, गाडी शक्य तितक्या लवकर बाजूला घ्या आणि पुढचा प्रवास टाळा.

फ्युएल ट्रिम नावाचा खजिना

स्कॅनरच्या ‘लाइव्ह डेटा’त फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, एक तात्पुरता आणि एक दीर्घकाळचा. मूळ हिशोबापेक्षा ईसीएम किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते यात दिसतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नसते. ती पंचविसाच्या जवळ गेली की ईसीएमची दुरुस्तीची ताकद संपत येते आणि दिवा पेटतो.

हे आकडे दोनदा पाहायचे, एकदा गाडी उभी असताना आणि एकदा २५०० आरपीएमवर. उभ्या गाडीत अधिक १८ आणि रेस दिल्यावर अधिक ४ असेल, तर हवेची गळती. छोट्या फटीतून शिरणारी हवा आयडलला मोठा वाटा ठरते आणि जास्त आरपीएमला नगण्य. उलट, उभ्या गाडीत ठीक आणि जोर लावल्यावर अधिक २० असेल, तर पेट्रोल पुरत नाही. म्हणजे फिल्टर किंवा पंप.

मात्र ही ओळख एअर-फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनांची आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो. तो हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतो. अशा इंजिनात गळती झाली की दाब वाढतो, ईसीएम त्या हवेलाही पेट्रोल देतो, आणि ट्रिम फारसा न हलता आयडलच चढतं. अमेरिकन गाड्यांवरचे व्हिडिओ पाहून निदान करणाऱ्यांची इथेच फसगत होते. पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा हा त्यांचा लाडका सल्लाही असाच. टाकीतल्या वाफेची गळती तपासण्याची सोय आपल्या बीएस ४ गाड्यांत सहसा नसते, त्यामुळे झाकणाने इथला दिवा क्वचितच जाईल.

गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत काही गॅरेजांत दिसते. त्यात आगीचा धोका आहे. ते करू देऊ नका. नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र असलेलं गॅरेज शोधावं.

नव्या पेट्रोलचा वाटा

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई २० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आलं आणि आता सर्वत्र तेच मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे प्रमाण १० टक्के इथेनॉलला सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांना सुमारे १३.५ वर येतं. जुन्या गाडीच्या ईसीएमला हे ठाऊक नसतं. ऑक्सिजन सेन्सरच्या तक्रारीवरून तो पेट्रोल वाढवत जातो. शुद्ध पेट्रोलच्या हिशोबावर ही वाढ सुमारे ९ टक्के, आणि १० टक्के इथेनॉलच्या हिशोबावर ४-५ टक्के भरते.

निरोगी गाडी एवढं सहज पचवते. पण एखाद्या गाडीत थोडा तुंबलेला फिल्टर आणि थोडी गळती मिळून ट्रिम आधीच अधिक १६-१७ वर असेल, तर हे वरचे टक्के तिला दिव्याच्या उंबरठ्यावर नेतात. मालक म्हणतो, पेट्रोल बदललं आणि गाडी बिघडली. मेकॅनिक म्हणतो, सेन्सर गेला. दोघांचंही अर्धंच खरं असतं. जुना छोटा दोष नव्या पेट्रोलमुळे उघडा पडलेला असतो, आणि तो दुरुस्त केला की त्याच पेट्रोलवर दिवा जातो. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये. इथेनॉल ओलावा शोषतं.

अर्थिंग, बॅटरी आणि पीयूसीची चिठ्ठी

एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकाच वेळी आले, तर तीन-चार सेन्सर एकदम मेले असं समजू नये. सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट शोधावी, आणि ती बहुधा वीज असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिचा नट सैल आहे. अशा वेळी पॉलिशपेपर आणि पान्यावर काम भागतं.

‘पी ०४२०’ हा कोड आला की कन्व्हर्टर बदलायचा खर्च ऐकून पोटात गोळा येतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. घाईने होकार देऊ नका. सेन्सरच्या आधी सायलेन्सरची नळी गळत असेल, तरी हा कोड येऊ शकतो. लाइव्ह डेटात मागचा ऑक्सिजन सेन्सर बघा. त्याचा व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असेल, तर कन्व्हर्टर जिवंत आहे. तो पुढच्या सेन्सरसारखाच भराभर वर-खाली होत असेल, तर कन्व्हर्टर थकला आहे. पण तो थकला कशाने, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. जुन्याला मिसिंगने किंवा जळणाऱ्या ऑइलने मारलं असेल, तर नव्याचंही तेच होणार.

एक स्वस्त साधन आपल्या हाताशी आहे आणि आपण ते फक्त दंड टाळायला वापरतो: पीयूसी. आयडलला बीएस ४ पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्का आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. बीएस ३ साठी ०.५ टक्का आणि ७५० पीपीएम. गाडी नीट गरम करून, नळी खरोखर आत घालून मोजायला सांगा आणि दर वेळचे आकडे त्याच वहीत उतरवा. मोनॉक्साइड वाढलाय तर पेट्रोल जास्त जातंय. मोनॉक्साइड ठीक, पण हायड्रोकार्बन वाढलाय तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. दिवा पेटण्याच्या कितीतरी आधी हे आकडे सरकू लागलेले दिसतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. चावी ‘ऑन’ केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी हा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच पेटला नाही, तर कुणी तरी बल्ब काढलाय किंवा त्याची तार तोडली आहे. तिथे किमतीची बोलणी थांबवून आधी स्कॅनर लावावा.

दुरुस्ती झाली, हे कधी म्हणायचं?

गॅरेजमधून निघताना दिवा बंद असतो, यात काहीच विशेष नाही. डिलीट केल्यावर तो बंदच असणार. दुरुस्तीची परीक्षा वहीत लिहिलेल्या परिस्थितीतच व्हायला हवी. दिवा दुपारच्या उन्हात येत होता, तर गाडी दुपारच्या उन्हात चालवा. महामार्गावर येत होता, तर राजनांदगावपर्यंत जाऊन या. परत आल्यावर स्कॅनरमध्ये दोन गोष्टी बघा. एक, कच्च्या नोंदीत काही नाही ना. दोन, ‘रेडीनेस’च्या यादीत ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर यांच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का. त्या अपुऱ्या असतील, तर ईसीएमने अजून निकालच दिलेला नाही आणि बंद दिव्याला अर्थ नाही. त्या पूर्ण आहेत, कच्ची नोंद रिकामी आहे आणि गाडी त्याच परिस्थितीतून गेली आहे, एवढं जुळलं की दुरुस्ती झाली. मेकॅनिकला त्याच्या तपासाच्या वेळेचे पैसे आनंदाने द्यावेत, कारण ज्या दोन तासांत तो कुठलाच भाग विकत नाही, त्याच दोन तासांत आपली गाडी खऱ्या अर्थाने बरी होते.